हिशेबाची वही कुणाच्या हाती?

दिवाळीची सुट्टी संपली की कनिष्ठ महाविद्यालयांमध्ये राष्ट्रीय सेवा योजनेच्या विशेष श्रमसंस्कार शिबिरांची तयारी सुरू होते. दत्तक गावातल्या शाळेत किंवा देवळाच्या सभामंडपात मुक्काम, पहाटे प्रभातफेरी, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक आणि रात्री पथनाट्य असा सात दिवसांचा क्रम ठरलेला असतो. समारोपाच्या दिवशी व्यासपीठावरचे पाहुणे ‘यातूनच उद्याचे नेते घडणार आहेत’ असे सांगतात आणि समोर बसलेली सोळा-सतरा वर्षांची मुले टाळ्या वाजवतात. माध्यमिक शाळेतल्या एका सेवा-मंडळाची जबाबदारी मी बरीच वर्षे सांभाळली आहे, त्यामुळे हे वाक्य माझ्या कानांवर अनेकदा पडले आहे आणि मीही ते उच्चारले आहे. आज ते ऐकताना मला विचारावेसे वाटते की या सात दिवसांतला कोणता निर्णय मुलांनी घेतला होता? गाव कुणी निवडले, बंधारा घालायचा की रस्ता दुरुस्त करायचा हे कुणी ठरवले, आणि शिबिरासाठी आलेल्या पैशांचा हिशेब कुणाच्या अक्षरात लिहिलेला आहे? बहुतेक ठिकाणी या सगळ्यांचे उत्तर ‘सरांनी’ किंवा ‘मॅडमनी’ हेच असते.

सेवेचे मोल मी कमी लेखत नाही. शहरातल्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा हातात फावडे धरणे, परक्या घरी पाटावर बसून भाकरी खाणे, आपल्यापेक्षा हलाखीत राहणाऱ्या माणसाशी डोळ्यांला डोळा भिडवून बोलणे यांतून मुलाला जे मिळते ते वर्गात मिळत नाही. परंतु सेवावृत्ती आणि नेतृत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिलीतून दुसरी आपोआप उगवते या समजुतीवर आपण फार विसंबून राहिलो आहोत. नेतृत्व म्हणजे इतरांच्या वतीने निर्णय घेणे आणि तो चुकला तर त्यांच्यासमोर उभे राहून जाब देणे. ज्या मुलाला निर्णय घ्यायला कधी मिळालाच नाही, त्याने शंभर झाडे लावली आणि दहा वेळा किनारा झाडला, तरी तो आज्ञाधारक स्वयंसेवकच होतो. किशोरांच्या सेवा-मंडळांतून नेते घडावेत असे आपल्याला खरोखर वाटत असेल, तर मंडळाची सत्ता, म्हणजे काम ठरवण्याचा अधिकार आणि पैशांची वही, मुलांच्या हाती द्यावी लागेल, एवढेच माझे म्हणणे आहे.

कागदावर पाहिले तर यात काही नवीन नाही. राष्ट्रीय सेवा योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली आणि पुढे अकरावी-बारावीपर्यंत आली. रोटरीचे इंटरॅक्ट क्लब १९६२ पासून, तर लायन्सचे लिओ क्लब १९५७ पासून चालू आहेत. बारा ते अठरा वर्षांच्या मुलांच्या इंटरॅक्ट क्लबमध्ये अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार ही मुलेच असतात, मोठ्यांनी फक्त सल्लागार राहायचे असते. स्काऊटमधली टोळी पद्धत तर याहून जुनी आहे. सहा-आठ मुलांची टोळी, तिचा टोळीनायक त्यांच्यातलाच, आणि पथकाचे निर्णय टोळीनायकांच्या सभेत, ही तिची मूळ रचना आहे. म्हणजे नियम करणाऱ्यांना गोष्ट कळली होती. आपण नियमातली पदे तेवढी उचलली आणि पदांबरोबर येणारा अधिकार मात्र शिक्षक-दालनातल्या कपाटात कुलूपबंद ठेवला. अध्यक्ष झालेल्या मुलीला पाहुण्यांना गुलाबपुष्प देण्यापलीकडे काम नसते, सचिवाने लिहायचे इतिवृत्त सर सांगतात तसे लिहिले जाते आणि खजिनदाराने एकही पैसा मोजलेला नसतो.

मुलांच्या सहभागाविषयी अभ्यास करणाऱ्या रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी आठ पायऱ्यांची एक शिडी मांडली होती. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत. मुलांना वापरून घेणे, त्यांना शोभेसाठी उभे करणे आणि नावापुरते सामील करणे अशा त्या तीन पायऱ्या आहेत. आपल्याकडच्या प्रभातफेऱ्या आठवून पाहा. फलक मोठ्यांनी लिहिलेले, घोषणा मोठ्यांनी ठरवलेल्या, आणि नेमकी कशाविरुद्ध घोषणा देतो आहोत हे मागच्या रांगेतल्या मुलाला माहीतही नसते. मुलांच्या हक्कांविषयीच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय कराराचे बारावे कलम असे सांगते की मुलांशी संबंधित प्रत्येक बाबतीत त्यांना मत मांडता आले पाहिजे आणि त्या मताला वयानुसार व परिपक्वतेनुसार वजन मिळाले पाहिजे. भारताने हा करार १९९२ मध्ये स्वीकारला. ते वजन देण्याची सर्वांत सोपी आणि निर्धोक जागा शाळेतले सेवा-मंडळ ही आहे, आणि तिथेही आपण ते देत नाही.

हे मला पुस्तकातून उमगले नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगेच्या महापुराने सांगली आणि कोल्हापूर वेढले गेले तेव्हा राज्यभरातून मदत निघाली. आमच्या मंडळातही मी सवयीने सूचना फिरवली: जुने चांगले कपडे, धान्य आणि बिस्किटांचे पुडे शुक्रवारपर्यंत आणावेत. दुसऱ्या दिवशी नववीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, तिकडच्या एखाद्या शाळेला आधी फोन करून विचारू या का?” तिच्या आत्याच्या ओळखीतून पूरग्रस्त गावातल्या एका शिक्षकांचा क्रमांक मिळाला. त्यांनी सांगितले की कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडले आहेत आणि ते निवडायला माणसे नाहीत. खरी गरज आहे ती घरातला आणि शाळेतला गाळ काढायला फावडी, घमेली, खराटे आणि फिनाईल यांची, आणि मुलांची दप्तरे वाहून गेली आहेत म्हणून वह्यांची. तोवर आमच्याकडे कपड्यांची नऊ गाठोडी जमली होती. मुलांनी बैठक घेतली आणि ती चांगली तासभर चालली. ज्यांच्या आयांनी घड्या घालून कपडे दिले होते ती मुले चिडली होती. शेवटी असे ठरले की मंडळाच्या मुलांनी दोघादोघांनी घरोघर जावे, कपडे परत करावेत, कारण सांगावे आणि त्याऐवजी वह्या किंवा पैसे मागावेत. दिलेले दान परत घेऊन एखाद्याच्या दारात उभे राहणे चौदा वर्षांच्या मुलांसाठी सोपे नव्हते. काही घरांतून बोलणीही खावी लागली. पण त्या आठवड्यात त्या मुलांनी जे केले त्याला मी नेतृत्व म्हणतो, आणि त्याची सुरुवात माझी सूचना बाजूला सारण्यापासून झाली होती हे मला सांगितलेच पाहिजे. मी शिक्षक म्हणून चुकीचे ठरवले होते. मुलांना विचारण्याची मुभा होती म्हणून ते दुरुस्त झाले.

आता पैशांविषयी लिहितो, कारण इथेच आपले सगळे शब्द कसोटीला लागतात. मुलांनी भाषण करावे, झाडे लावावीत, सूत्रसंचालन करावे याला कुणाचाही विरोध नसतो. पाचशे रुपये त्यांच्या ताब्यात द्या म्हटले की मात्र सगळे एकदम सावध होतात. याच महाराष्ट्रातल्या शाळांत एके काळी संचयिका चालत असे. विद्यार्थीच पैसे गोळा करत, पासबुकात नोंदी करत आणि आठवड्याचा मेळ घालत, शिक्षक देखरेख करत. माझ्या पिढीतल्या अनेकांनी जमा आणि नावे हे शब्द वाणिज्य शाखेत जाण्यापूर्वी तिथेच शिकले. दहा वर्षांवरील मुलांना स्वतःच्या सहीने बचत खाते चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच बँकांना दिली आहे. देशाची मध्यवर्ती बँक ज्या वयाच्या मुलावर विश्वास ठेवायला तयार आहे, त्याच वयाच्या, किंबहुना त्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या मुलावर शाळा विश्वास ठेवत नाही.

आम्ही वही मुलांच्या हाती दिली तेव्हा पहिल्याच सत्रात १८० रुपयांचा मेळ बसेना. माझ्या मनात पहिला विचार असा आला की खिशातून तेवढे पैसे घालावेत आणि विषय मिटवावा. खजिनदार असलेल्या मुलाने ते नाकारले. त्याने सगळ्यांची बैठक बोलावली, वही मधोमध ठेवली आणि प्रत्येक खर्च मोठ्याने वाचला. संशयाचे दोन अवघडलेले दिवस गेल्यावर कळले की रोपे आणायला केलेल्या टेम्पोचे भाडे कुणी लिहिलेच नव्हते. त्यानंतर मंडळाने स्वतःच नियम केला की पावती नसेल तर खर्च करणाऱ्याने आणि एका साक्षीदाराने त्याच दिवशी वहीत सही करायची. हा नियम मी सांगितला असता तर तो फळ्यावर राहिला असता. त्यांनी तो स्वतः अडचणीत सापडून केला, म्हणून पुढच्या तिन्ही तुकड्यांनी तो पाळला. सहकारी संस्था, पतपेढ्या, बचत गट आणि गणेशोत्सव मंडळे यांनी भरलेल्या आपल्या राज्यात सार्वजनिक पैशांचा हिशेब चारचौघांत वाचून दाखवण्याची सवय असलेली माणसे किती थोडी आहेत, हे ज्यांनी एखाद्या वार्षिक सभेला हजेरी लावली आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

नेते कुणातून घडतात, हाही प्रश्न आहे. शिबिरात कामवाटप होते तेव्हा स्वयंपाक गटात मुली आणि खोदकामाच्या गटात मुले, हे कुणी न ठरवताच ठरते. मंडळात अध्यक्ष मुलगा आणि इतिवृत्त लिहिणारी मुलगी, कारण ‘तिचे अक्षर चांगले आहे’. आणि झाडू कुणाच्या हाती जातो याकडे तर फारच बारकाईने पाहायला हवे, कारण आपल्या समाजात झाडू हे नुसते साधन नाही, त्याला जातीचा इतिहास चिकटलेला आहे. गाडगे महाराजांनी खराटा स्वतःच्या हातात घेतला, गावात शिरल्याबरोबर आधी रस्ता झाडला आणि मग कीर्तनाला उभे राहिले, यातला अर्थ मुलांना समजावून सांगितला नाही तर स्वच्छता मोहीम म्हणजे गरीब घरातल्या मुलाने रोज घरी करायचे काम आणि सधन घरातल्या मुलाने वर्षातून एकदा छायाचित्रासाठी करायचे काम एवढाच फरक उरतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात काढलेल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि वसतिगृहाची कामे स्वतः करत. या व्यवस्थेत सेवा करणारा आणि सेवा घेणारा असे दोन वर्गच उरत नव्हते. आमच्या मंडळात आम्ही पदे आणि कामे दर तीन महिन्यांनी फिरवू लागलो. पहिली फेरी गोंधळाची झाली. चुलीपाशी बसवलेल्या मुलांनी दोन वेळचा भात करपवला. पण ज्या मुलीला कधी बोलताना ऐकले नव्हते तिने ग्रामपंचायतीत जाऊन पाण्याच्या टाकीबद्दल सरपंचांशी बोलणी केली, आणि ती फिरत्या पदांमुळेच तिथवर पोहोचली होती. निवडणूक घेतली असती तर वर्गातली नेहमीचीच दोन-तीन नावे निवडून आली असती.

सेवा कुठे थांबवायची, हा यातला सर्वांत अवघड प्रश्न मला वाटतो. मुलांनी ओढ्याकाठचा कचरा उचलला, पोती भरली, आणि पुढच्या रविवारी तिथे तेवढाच कचरा पुन्हा दिसला, तर त्यांनी पुन्हा पोती भरायची की हा कचरा येतो कुठून हे विचारायचे? बहुतेक संस्था पहिल्या उत्तरापाशी थांबतात, कारण दुसऱ्या उत्तरात नगरपालिका येते, एखादा कारखाना येतो, कधी संस्थेच्या विश्वस्तांचे मंगल कार्यालयही येते. परंतु नागरिक म्हणून मुलाची वाढ नेमकी तिथेच होते. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करण्याची सक्ती केली. आपल्या पेठेत किती इमारती हे करतात आणि घंटागाडी तो पुन्हा एकत्र करते का, याची पाहणी आठवी-नववीची मुले उत्तम करू शकतात. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याचे तिसरे कलम हा अधिकार ‘सर्व नागरिकांना’ देते, त्यात वयाची अट घातलेली नाही. मतदानासाठी अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात, प्रश्न विचारण्यासाठी नाही.

याचे आपल्याकडचे लखलखीत उदाहरण मृणाल गोरे यांचे आहे. त्यांनी वैद्यकीय शिक्षण सोडून राष्ट्र सेवा दलाच्या कामाला वाहून घेतले. साने गुरुजी आणि एस. एम. जोशी यांच्यासारख्यांच्या प्रेरणेने १९४१ पासून वाढलेल्या त्या संघटनेच्या शाखांत खेळ, गाणी, लेझीम आणि श्रमदान यांच्याबरोबर चर्चाही होत असे. पुढे गोरेगावात पाण्याची टंचाई दिसली तेव्हा मृणालताईंनी बायकांना घेऊन महापालिकेला जाब विचारला आणि लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हटले. तहानलेल्याला पाणी देणे ही सेवा आहेच, पण नळाला पाणी का येत नाही हे विचारणेही सेवाच आहे, ही समज ज्या वातावरणात येते ते वातावरण आजच्या शालेय मंडळांत कुठे आहे?

त्याऐवजी आज तास मोजले जातात. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास भरावे लागतात. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात शालेय शिक्षण पूर्ण करण्यासाठी ७५ तासांची आणि कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात ४० तासांची समाजसेवा सक्तीची आहे, आणि तिथे राहणाऱ्या मराठी पालकांनाही या तासांची वही भरून घेण्याची धावपळ करावी लागते. परदेशी विद्यापीठांत प्रवेश हवा असलेल्या मुंबई-पुण्यातल्या मुलांमध्ये तर सेवेच्या प्रमाणपत्रांची फाईल जमवण्याची रीतच पडली आहे. सक्तीने काही मुले दारापर्यंत येतात आणि त्यातली थोडी मनापासून आत राहतात, हे मी मान्य करतो, म्हणून तासांना माझा सरसकट विरोध नाही. परंतु तास हे हजेरीचे माप आहे. प्रमाणपत्रावर ‘१२० तास पूर्ण’ असे लिहिण्याऐवजी त्या विद्यार्थ्याने कोणती जबाबदारी घेतली, कोणता निर्णय घेतला आणि त्याचे पुढे काय झाले हे त्याच्याच चार ओळींत लिहून घेतले, तर निवड समितीला आणि मुख्य म्हणजे त्या मुलाला स्वतःला काही कळेल.

पालकांची हरकत मला ठाऊक आहे. दहावीचे वर्ष आहे, शिकवणी आहे, आणि उद्या काही बरेवाईट झाले तर जबाबदार कोण? शेवटच्या प्रश्नाला मी जराही कमी लेखत नाही. विहिरीजवळचे काम, नदीपात्र, महामार्ग, यंत्रे, विजेचे काम, रात्रीचा प्रवास, या बाबतींत अंतिम शब्द मोठ्यांचाच असला पाहिजे आणि त्यावर मंडळात मतदान होऊ नये. मुलींच्या मुक्कामाची व्यवस्था शिक्षिकेच्या उपस्थितीशिवाय होऊ नये. मात्र सुरक्षिततेचे कारण पुढे करून आपण फलकाचा रंग, जेवणाचा बेत आणि पाहुण्यांची निवड हेही स्वतःच ठरवतो. जिथे चूक झाली तर फक्त भात करपणार आहे किंवा १८० रुपयांचा घोळ होणार आहे, तिथे मुलांना चुकू द्यायला हवे. आणि दहावीच्या वर्षाबद्दल एवढेच सांगतो की आमच्या मंडळात पदे आठवी-नववीला असत आणि दहावीची मुले महिन्यातून एकदा सल्ला द्यायला येत. त्या एका तासासाठी ती आवर्जून येत.

हे सारे ज्याच्या बळावर चालायचे त्या शिक्षकाचा विचार मात्र कुणी करत नाही. मुलांना निर्णय घेऊ देणे हे स्वतः निर्णय घेण्यापेक्षा जास्त वेळ खाणारे काम आहे. जी बैठक शिक्षक दहा मिनिटांत उरकेल ती मुले तासभर चालवतात, आणि त्या तासात शिक्षकाने गप्प बसायचे असते. निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरणे यांत बुडालेल्या शिक्षकाकडे तो तास नसतो, म्हणून तो यादी करतो, कामे वाटून देतो आणि मोकळा होतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. जी शाळा नेतृत्व विकासाचे नाव माहितीपुस्तिकेत छापते, तिने आठवड्याच्या वेळापत्रकात या मंडळासाठी सलग दोन तासिका द्याव्यात, त्या सल्लागार शिक्षकाच्या कार्यभारात धराव्यात, आणि जूनमध्ये शाळा उघडताच मंडळाच्या नावे एक ठरावीक रक्कम, दोन हजार का होईना, मुलांच्या खजिनदाराकडे सुपूर्द करावी. मार्चमध्ये तो हिशेब मुलांनीच शाळा व्यवस्थापन समितीपुढे वाचावा आणि समितीतल्या पालकांनी त्यांना खरे प्रश्न विचारावेत.

आमच्या मंडळाची पहिली वही माझ्याकडे अजून आहे. तिच्या चौथ्या पानावर टेम्पोच्या भाड्याची ती नोंद आहे, तारखेच्या पुढे लाल शाईत ‘उशिरा लिहिले’ असे लिहून त्याखाली तीन मुलांनी सह्या केलेल्या आहेत.